26 जुलै : शाळेत काढलेली रात्र

भिजकी_वही

परवा सकाळी पावणेसातला मुलीच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप आला, "अतिवृष्टीमुळे आज सुट्टी". मुलगी दहा मिनिटांपूर्वीच स्कूलबसमध्ये बसली होती. बस वळून परत आली, विशेष काही झालं नाही. पण त्या वीस मिनिटांत माझ्या पोटात जो गोळा आला, तो 2005 सालचा होता. बायको म्हणाली, लिहून टाक एकदाचं. म्हणून हा धागा.

मी तेव्हा सातवीत. शाळा कुर्ला पश्चिमेला, मिठी नदीपासून चालत पाच-सात मिनिटांवर. नाव लिहीत नाही. शाळा दोन अधिवेशनांची होती आणि मी दुपारच्या अधिवेशनात, साडेबारा ते सहा. सकाळच्या अधिवेशनाची पोरं साडेबाराला सुटून कोरड्या पायांनी घरी गेली. त्यात माझा धाकटा भाऊ होता. पुढं वर्षभर त्यानं मला यावरून पिडलं.

दोनपर्यंत नेहमीचाच जुलै होता. अडीचच्या सुमारास भूगोलाचा तास चालू असताना एकदम इतकं अंधारून आलं की बाईंनी दिवे लावायला सांगितले. दिवे होते, पाच-दहा मिनिटं. मग तेही गेले. बाई मोठ्यानं वाचत होत्या, पण दुसऱ्या बाकापलीकडे ऐकू जाईना, एवढा गच्चीवरच्या पत्र्यांचा आवाज. मग त्या फळ्यावर लिहायला लागल्या, तर फळा दिसेना. शेवटी खडू ठेवला आणि म्हणाल्या, "गप्प बसून राहा." आम्हाला काय, आनंदच.

पाणी फाटकातून आत येईल म्हणून शिपाई मामांनी तिथं वाळूची दोन पोती टाकली होती. ते फाटकातून आलंच नाही. तळमजल्यावरच्या मुतारीच्या मोरीतून आलं. उलटं, बुडबुडे काढत, काळं. एक मुलगा लघवीला म्हणून गेला आणि ओरडतच परत आला की मोरी उकळतेय. त्याचा शब्द अजून डोक्यात आहे. नंतर मी मोरीपाशी जाऊन पाहिलं, खरंच उकळल्यासारखीच दिसत होती.

मग मुख्याध्यापक बाहेर आले आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील? "जनरल रजिस्टर वर न्या." आम्हा मोठ्या मुलांची जिन्यावर रांग लावली आणि कार्यालयातली जाडजूड रजिस्टरं हातोहात दुसऱ्या मजल्यावर गेली. लाल कापडी पुठ्ठ्याची, एकेक एवढी जड की पाचवीच्या मुलाला उचलणार नाही. तेव्हा मला राग आला होता, पोरांपेक्षा वह्या महत्त्वाच्या का म्हणून. पुढं दाखल्याची दुसरी प्रत काढायची वेळ आली तेव्हा कळलं, ते रजिस्टर गेलं असतं तर हजारो माणसांची जन्मतारीखच वाहून गेली असती.

रजिस्टरं वर गेली आणि सरांनी फाटकाला कुलूप लावलं. घरून माणूस आल्याशिवाय एकही मूल सोडायचं नाही. चार वाजता फाटकाबाहेर कमरेएवढ्या पाण्यात एक गृहस्थ उभे राहून सरांना वाट्टेल ते बोलत होते, कारण त्यांना स्वतःच्या मुलीबरोबर शेजारची दोन पोरंही न्यायची होती आणि सर म्हणत होते, फक्त तुमची. मला तेव्हा सर चुकीचे वाटले. आता ठरवता येत नाही. तुम्हीच सांगा.

वडील फोर्टात नोकरीला. शाळेचा फोन चारपर्यंत चालू होता, त्यावरून कोणीतरी त्यांना कळवलं. वडील म्हणाले, "इथं तर साधा पाऊस आहे, येतो सहाच्या गाडीनं." सहाला गाडीच नव्हती. ते रात्रभर चालले. दादर, शीव, पुढं रुळांवरून, जिथं रूळ दिसत होते तिथं.

रात्री आम्ही दुसऱ्या मजल्यावर दोन वर्गांत, दीडशेच्या आसपास मुलं. बाक जोडून लहानांना झोपवलं. कार्यालयाच्या कपाटातून सरस्वतीपूजनाची समई निघाली, मागच्या चाळीतल्या बायकांनी तेल दिलं. त्याच बायकांनी आठाच्या सुमारास पातेलंभर डाळ-भात धाडला. गच्ची आणि चाळीची गॅलरी यांच्यात हातभर अंतर होतं, त्यावर फळी टाकून. ताटल्या नव्हत्या. डब्यांच्या झाकणांत जेवलो. मागच्या बाकावर कुजबुज, त्सुनामी आली म्हणून. त्सुनामी होऊन सातच महिने झाले होते, त्यामुळे आमचा विश्वासही बसला.

आणि बाई दर तासाला हजेरी घेत होत्या. नाव घेतलं की "हजर" म्हणायचं, झोपलेल्याला शेजाऱ्यानं उठवायचं. साडेदहाला, साडेअकराला, साडेबाराला. आम्ही वैतागलो होतो. बाहेर पाण्याचा आवाज, समईच्या उजेडात बाईंची सावली फळ्यावर, आणि "हजर, हजर, हजर".

इथं आणखी कोण कोण अडकलं होतं?

चुनाभट्टीची_चिमणी

तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा, हयात असतील तर. आमच्या शाळेनं तीन वाजता घंटा दिली आणि सांगितलं, "पाऊस वाढतोय, लवकर घरी जा." मी आठवीत, बहीण चौथीत. हे लिहिताना मला कुणाला फासावर द्यायचं नाही. तेव्हा इशारा नव्हता, हातात मोबाइल नव्हते, आणि तोवर मुंबईत पाऊस वाढला की शाळा सोडायचीच पद्धत होती. पण त्या सोडण्यातच सगळा घोळ होता.

आमचं घर वीस मिनिटांवर. पोचायला पावणेचार तास लागले. पहिल्या चौकात गुडघ्यापर्यंत, पुढच्या चौकात बहिणीच्या छातीपर्यंत. ओढणी आम्ही दोघींच्या मनगटांना बांधली. एका दुकानदारानं शटरची लोखंडी काठी दिली आणि म्हणाला, "बेटा, पाय टाकायच्या आधी ही टाक. काठी खाली गेली तर थांब." दोन वेळा खाली गेली. पहिल्यांदा नुसता खड्डा होता. दुसऱ्यांदा काय होतं ते माहीत नाही, काठी हातातून ओढली गेली.

ती काठी परत द्यायची राहिली म्हणून बहीण कितीतरी दिवस रडत होती. एवढं सगळं झालं आणि रडू कशाचं, तर काठीचं.

2017 च्या 29 ऑगस्टला उघड्या मॅनहोलमध्ये पडून मुंबईतल्या एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला, तेव्हा बहिणीचा पुण्याहून फोन आला. बोलली काहीच नाही, नुसती "ताई" म्हणाली.

कोरडा_विनोद

आता कोणीतरी "मुंबईचं स्पिरिट" म्हणणार, त्याआधीच सांगतो, मी धागा सोडून जाईन.

भिजकी_वही

@कोरडा_विनोद, नाही म्हणणार. डाळ-भात देणाऱ्या बायकांच्या तळमजल्यावरच्या शेजारणींचं सगळं घर पाण्यात होतं. त्यांना कुणी स्पिरिट म्हणून पैसे दिले नाहीत.

समुद्रसपाटी

"इथं तर साधा पाऊस आहे" हे वडिलांचं वाक्य अगदी खरं होतं, म्हणून थोडं लिहितो. 26 च्या सकाळी साडेआठपासून 27 च्या सकाळी साडेआठपर्यंत सांताक्रूझ वेधशाळेत 944 मिमी पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला 73. मधे अंतर पंचवीसेक किलोमीटर. सांताक्रूझचा अख्ख्या पावसाळ्याचा सरासरी पाऊस बावीसशे-तेवीसशे मिमी धरला, तर त्याच्या चाळीस टक्के एका दिवसात, त्यातलाही बहुतेक दुपारी दोन-अडीचनंतर. त्यामुळे मंत्रालय, बँका, सगळी मोठी कचेऱ्यांची मुंबई दक्षिणेत बसून खिडकीबाहेर पाहत होती आणि त्यांना काही वेगळं दिसत नव्हतं. ढगांतला पाऊस दुरून टिपणारं डॉपलर रडार तेव्हा मुंबईत नव्हतं, ते नंतर कुलाब्याला बसलं.

आता मोरी का उकळली ते. शहराची पावसाळी गटारं जुन्या हिशेबानं ताशी 25 मिमी पावसासाठी बांधलेली, तीसुद्धा समुद्राला ओहोटी असेल असं धरून. त्या दिवशी चारच्या आसपास साडेचार मीटरच्या जवळपास भरती होती. गटाराची तोंडं भरतीच्या पाण्याखाली गेली की पाणी बाहेर पडायची वाटच बंद. वरून ताशी शंभराच्या पुढं पाऊस. मग ते सगळ्यात खालचं भोक शोधतं, आणि तळमजल्याच्या मोरीपेक्षा खालचं भोक कुठलं? फाटकावर वाळूची पोती टाकून उपयोग नव्हता. मोरीत बोळा कोंबून वर दगड ठेवला असता तर तासभर मिळाला असता. फार नाही, तासभर.

मिठीचं तर विचारूच नका. विहार आणि पवई तलावांचं जादा पाणी घेऊन माहीमच्या खाडीकडे जाणारी अठरा किलोमीटरची नदी. विमानतळापाशी धावपट्टीसाठी वळवलेली, काठ भरावानं आवळलेले. आणि निम्म्या मुंबईला ती नदी आहे हेच त्या रात्री कळलं, तोवर सगळे नाला म्हणायचे. गटारं वाढवायचा ब्रिमस्टोवॅड अहवाल 1993 पासून पडून होता. जलतज्ज्ञ माधवराव चितळ्यांच्या समितीनं पुराची कारणं तपासली तेव्हा हे सगळं पुन्हा कागदावर आलं.

दुसरी_घंटा

मी शिक्षिका आहे, 2005 मध्ये नोकरीचं तिसरं वर्ष. कुर्ल्याच्या शाळेत नव्हते, पण मीही त्या रात्री सत्तर मुलं घेऊन बसले होते. "फक्त तुमची मुलगी न्या, शेजारची नाही" यावर माझं मत सांगते. सर बरोबर होते. एका हातात एक मूल धरता येतं, दोन हातांत दोन. तिसरं कुठं धरणार? आणि रात्री त्या तिसऱ्याची आई आली तर मी काय सांगणार, कुणाबरोबर पाठवलं? तोंडओळखीच्या माणसाबरोबर? पावसात माणसं चांगलीच असतात, पण मी नाव कुठं लिहून ठेवलंय?

दर तासाच्या हजेरीबद्दल. मुलांना वाटतं बाई छळतायत. आम्हाला ती हजेरी मुलांपेक्षा आमच्यासाठी हवी असते हो. रात्री एक वाजता आकडा मोजायचा आणि तो जुळला की पुढचा तास निघतो. मी 71 मोजले आणि घाम फुटला, कारण 70 हवे होते. एक जास्तीचं मूल. पलीकडच्या शाळेतली पहिलीची मुलगी संध्याकाळी भिजत आमच्या फाटकात आली होती, आमच्या मुलींनी तिला गुपचूप मधे झोपवली होती. तिचं नाव विचारलं तर घरचं लाडाचं नाव सांगितलं, आडनाव माहीत नाही, पत्ता "बंट्याच्या दुकानाजवळ". दुसऱ्या दिवशी दुपारी एकला तिचे आजोबा आले. तोवर मी ते बंट्याचं दुकान चार जणांना विचारत बसले होते.

एक तक्रार मात्र करते. सुट्टीचा निर्णय आजही सकाळी पोरं निघाल्यावर कळतो. सकाळच्या अधिवेशनाची मुलं सहालाच घराबाहेर असतात. रात्री दहाला सांगा आणि पाऊस नाही पडला तर हसा आम्हाला. चालेल.

नाखवा

मुंबईचा धागा आहे, पण मी रत्नागिरीचा लिहू का? 2009, 11 नोव्हेंबर, फयान चक्रीवादळ.

पावसाळा संपलेला. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. बंदरातल्या बोटी मासेमारीला बाहेर. आमची जिल्हा परिषदेची शाळा, समुद्राकडं तोंड, कौलारू, चौथीपर्यंत दोन गुरुजी. सकाळपासून आभाळ काळं आणि वारा, पण तो वारा कुणाला कळेना, नोव्हेंबरात असा वारा आमच्या आज्यानंही बघितला नव्हता. शाळा भरली आणि थोड्या वेळात कौलं उडायला लागली. एकेक नाही, ओळीच्या ओळी, पत्त्यासारखी. गुरुजींनी सगळ्यांना शेजारच्या स्लॅबच्या खोलीत कोंबलं, जिथं पोषण आहाराचं धान्य ठेवायचे. चाळीस पोरं तांदळाच्या पोत्यांवर.

आता खरी गोष्ट. पाऊस-वारा आम्हाला खेळ वाटला असता. पण त्या चाळिसातल्या निम्म्यांचे बाप त्या वेळी बोटीवर होते. आमचाही. आणि ते आम्हाला कळत होतं. चौथीतलं पोर एवढं लहान नसतं. कुणी रडत नव्हतं, तेच वाईट होतं. गुरुजींनी पाढे म्हणायला लावले. बेचा पाढा, तीनचा, चारचा. दारावर वारा धडका देतोय आणि आत पाढे. एकोणतीसपर्यंत पोचलो. एकोणतीसचा पाढा मला आजही एका श्वासात येतो.

माझा बाबा तिसऱ्या दिवशी आला, दुसऱ्याच बंदरात लागली होती बोट. सगळ्यांचे नाही आले. हजेरीपटावर वडिलांच्या नावापुढं काही लिहायची रीत नसते. गुरुजी मात्र पुढच्या वर्षी पालकसभेच्या चिठ्ठ्या लिहिताना तीन घरांत चिठ्ठी आईच्या नावानं लिहायला लागले. आम्ही पोरांनीच त्या पोचवल्या.

2020 च्या निसर्ग वादळात त्याच शाळेचे नवे पत्रे गेले. 3 जून, शाळा बंदच होती, करोनामुळं गाव घरात. त्यामुळं आत कुणी नव्हतं. मी मुंबईहून फोटो बघितला, फळा तसाच भिंतीवर, वर आभाळ.

चुनाभट्टीची_चिमणी

नाखवा, वाचून गप्प झाले. एकोणतीसचा पाढा.

दासगावचा_पाहुणा

फार लिहीत नाही. त्याच 2005 च्या जुलैत, त्याच दोन दिवसांत महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथं डोंगर खाली आले. मुंबईच्या बातम्यांत ते चौथ्या पानावर गेलं. माझं आजोळ तिकडचं. मामेभाऊ शाळेत होता म्हणून राहिला. घर राहिलं नाही. 26 जुलै म्हटलं की सगळ्यांना मिठी आठवते, म्हणून नोंद करून ठेवली.

कोरडा_विनोद

नोंद आवश्यक होती. आणि @भिजकी_वही, तुम्ही सगळं सांगितलंत, पण हे टोपणनाव असं का, ते सांगितलं नाहीत.

भिजकी_वही

येतोच त्यावर. आधी @दुसरी_घंटा, तुमच्या एक-जास्त मुलीमुळं रात्री मला झोप लागली नाही. आणि "नाव कुठं लिहून ठेवलंय" हे वाचून उठून कपाट उघडलं.

झालं असं. वर्गाचा हजेरीपट कार्यालयात होता आणि रजिस्टरांच्या रांगेत तोच नेमका खाली राहिला, भिजून लगदा झाला. बाईंना नावं लिहायला कोरडा कागद हवा होता. माझं दप्तर खिडकीपासून लांब, त्यातली भूगोलाची दोनशेपानी वही सगळ्यात कमी भिजलेली, कारण मी भूगोलाचं काहीच लिहीत नसे. बाईंनी ती मागून घेतली. शेवटून पानं उलटी धरून दोन्ही वर्गांची नावं लिहिली, तासातासाच्या रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या. पहाटे पाच-साडेपाचला पाणी उतरायला लागलं, आईबाप यायला लागले. बाईंनी प्रत्येकाची सही घेतली. सही येत नव्हती त्यांचा अंगठा, शाईचा पॅड नव्हता म्हणून समईच्या काजळीत बुडवून. असे अकरा अंगठे आहेत.

ती वही बाईंनी ऑगस्टमध्ये मला परत दिली. तेव्हा शहरात लेप्टोच्या तापाची साथ होती, अर्धा वर्ग गैरहजर. सहामाहीच्या वह्या तपासताना तीच वही पुन्हा त्यांच्यापुढं गेली आणि त्यांनी पुढच्या पानावर लाल शाईनं शेरा मारला, "वही अपूर्ण. नकाशे काढलेले नाहीत." मागच्या पानांबद्दल अवाक्षर नाही.

बाईंचं घर बदलापूरला होतं, दीड-दोन वर्षांची मुलगी सासूबाईंकडे. उल्हास नदीच्या पुरानं तिकडं काय केलं होतं ते तुम्हाला माहीत असेल. त्यांना दोन दिवस घरचा पत्ता नव्हता, हे मला दहावीच्या निरोप समारंभात दुसऱ्या बाईंकडून कळलं. सगळे सुखरूप होते. पण त्या रात्री त्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि आम्ही हजेरीला वैतागून मुद्दाम बायकी आवाजात "हजर" म्हणत होतो.

वहीचे फोटो टाकणार नाही, लोकांची नावं आहेत. माझी ओळ तेवढी लिहितो. क्रमांक 38. आठ खुणा. पुढं वडिलांची सही, अक्षर थरथरलेलं, कारण ते नुकतेच पोचले होते आणि हात गार पडले होते. त्याखाली बाईंच्या अक्षरात:

27/7, सकाळी 6.40. वडिलांबरोबर. चप्पल एकच.